मलपृष्ठावरची वाक्यं

काल आमच्या वाचनालयात गावातल्या लेखकांच्या गप्पा होत्या. प्रत्येकाने शेजारच्याच्या पुस्तकावर बोलायचं, असं ठरलं होतं. माझ्या कादंबरीवर कथाकार सावंत सर बोलायला उठले. "ही कादंबरी म्हणजे मुक्या माणसांचा हुंकार आहे," त्यांनी सुरुवात केली आणि माझं तोंड कडू झालं. ते वाक्य मलपृष्ठावरचं होतं, प्रकाशकाने मागितलं म्हणून मीच लिहून दिलेलं. पुढची चार वाक्यंही तिथलीच. सहा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक या गृहस्थांनी उघडलंसुद्धा नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लिहायला आम्ही सगळे पहाटे उठतो. एकमेकांचं वाचायला मात्र कुणालाच सवड नसते. मग हे लिहायचं तरी कुणासाठी?

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. सरांचा कथासंग्रह महिनाभर घरी माझ्या टेबलावर पडून होता. मी तो पिशवीतून काढला, पालथा केला आणि गंभीर आवाजात बोलू लागलो. दुसऱ्या वाक्याला सहज सरांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ माझ्या शब्दांबरोबर हलत होते.