हात धुवायला लावणाऱ्या व्हर्नाबाई

व्हर्ना पावलुक वॉर्डाच्या दारात दिसली की आतले नळ सुटायचे. परिचारिका, डॉक्टर, फरशी पुसणारा, सासऱ्याला भेटायला आलेला एखादा जावई, सगळे एकदम बेसिनकडे वळायचे. "व्हर्नाबाई आल्या" एवढी कुजबूज तिच्या आधीच वॉर्डभर पोचलेली असे.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या सपाटीवरच्या त्या लहानशा गावातल्या इस्पितळात एका रोग्याचा रोग दुसऱ्याला लागू नये हे पाहण्याचे काम तिच्याकडे होते. कोण हात धुतो आणि कोण नाही, हे गुपचूप पाहणे हा त्याच कामाचा भाग. आता गुपचूप म्हणजे ती औषधांच्या गाडीआड उभी राहायची. पण व्हर्ना अंगापिंडाने थोराड, आवाज खणखणीत आणि बूट तर असे करकरत की ती जिन्यात असतानाच वरच्यांना कळावे. त्यामुळे इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला न धुतलेला हात फारसा पाहायलाच मिळाला नाही. आपल्या इस्पितळाइतके स्वच्छ इस्पितळ प्रांतात नाही, असे ती सांगे, आणि अगदी मनापासून सांगे.

त्या शरदात तिचा नवरा नेस्टर छपराच्या पन्हाळीतली पाने काढताना शिडीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. ऑपरेशन मोठ्या शहरात झाले. मग चालायला लागेपर्यंत त्याला गावच्या इस्पितळात आणून ठेवले. हाडाची काळजी नव्हती. पण नेस्टरची मूत्रपिंडे आधीपासूनच दमलेली होती. डॉक्टर व्हर्नाला बाजूला घेऊन म्हणाले, "याला आता मध्येच दुसरं काही लागलं नाही म्हणजे मिळवली."

"माझ्या वॉर्डात?" व्हर्ना म्हणाली. "काय लागतंय त्याला!"

त्या दिवसापासून नेस्टरच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने येताना हात धुतले, जाताना धुतले, आणि व्हर्ना खुर्चीत बसलेली असेल तर मध्येही एकदा धुतले. शेजारच्या खाटेवर अल्सीद गोदे नावाचा म्हातारा होता. सारा जन्म त्याने शाळेची बस चालवली होती आणि आता दम लागतो म्हणून तो पडून होता.

"नेस्टर, लेका, तुझ्या बायकोच्या धाकानं त्या पोरींच्या हातांची सालं निघाली," तो म्हणायचा. "काल ती मार्लिस माझी नाडी बघत होती. वाटलं, कुणी सॅंडपेपर घासतंय."

"तू तीन आठवडे झेलतोयस," नेस्टर म्हणाला. "मी चाळीस वर्षं."

एका रविवारी चर्चच्या तळघरात शरदातले मोठे जेवण झाले. टर्की, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, पिरोगी म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, आंबट मलई, सगळे दरवर्षीसारखे. व्हर्ना वाढायला होती. गोडाच्या टेबलापाशी कुणाचे तरी पोर भडाभडा ओकले. बायकांनी ते पुसून घेतले आणि दोष मलईला दिला. मंगळवारी सकाळी व्हर्नाचे स्वतःचे पोट ढवळले. एकदा उलटी झाली, मग पातळ झाले. तिनेही दोष मलईलाच दिला. कामावरच्या एखाद्या पोरीने असे सांगितले असते तर व्हर्नाने तिला उभ्या उभ्या घरी पाठवले असते. पोट पूर्ण थांबल्यावर आणखी दोन दिवस इस्पितळात पाऊल टाकायचे नाही, हा नियम तिनेच भिंतीवर लावला होता. पण नियम आजारी माणसांसाठी होता, आणि व्हर्ना काही आजारी नव्हती. तिचे फक्त पोट बिघडले होते.

शिवाय नेस्टर इस्पितळाची जेली खाऊन कंटाळला होता. तिने उरलेल्या पिरोग्या लोण्यात कांद्याबरोबर परतल्या, मोठ्या भांड्यात भरल्या आणि ते गरम भांडे दोन्ही हातांनी धरून वॉर्डात शिरली. दाराशेजारचे बेसिन तिच्या कोपराला लागले. खोलीत गेल्यावर तिने पिरोगीचे बोटांनी तुकडे केले, मलईत बुडवले आणि एकेक नेस्टरच्या तोंडात घातला. अल्सीदने नुसते बघितले, तर त्यालाही दोन दिल्या.

गुरुवारी पहाटे नेस्टरला उलट्या सुरू झाल्या. दुपारी अल्सीदला. शुक्रवारपर्यंत निम्मा वॉर्ड आणि दोन परिचारिका आडव्या झाल्या. व्हर्नाने वॉर्ड बंद केला, भेटी थांबवल्या, ब्लीचचा वास जिन्यापर्यंत पोचवला. ती संतापली होती. कुणीतरी तिच्या वॉर्डात, तिच्या नवऱ्यापर्यंत हे आणले होते आणि तो कोण हे ती शोधून काढणार होती. तिने एकेकाला खोलीत बोलावले. स्वैपाकघरातला माणूस रडकुंडीला आला. शेवटी मार्लिसची पाळी आली.

"बाहेरून कुणी खायला आणलं होतं?"

"हो."

"पाहिलंस तू?"

"पाहिलं ना."

"हात धुतले होते?"

"नव्हते."

"कोण होतं?" व्हर्ना पुढे झुकली. "घाबरू नकोस, नाव सांग."

मार्लिसने खिडकीबाहेर पाहिले. "तुम्ही होतात, बाई."

व्हर्ना हसली. मग तिचे हसू गेले. "मी हात धुतेच. मी धुणार नाही असं होईलच कसं?"

"दोन्ही हातांत भांडं होतं तुमच्या."

"मग तू मला अडवलं का नाहीस?"

"तुम्हाला?" मार्लिस म्हणाली. "तुम्हाला हात धुवा म्हणून सांगायचं? त्यापेक्षा मी बिशपसाहेबांना प्रार्थना शिकवीन."

व्हर्ना तडक अल्सीदच्या खाटेकडे गेली आणि आपण हात धुतले होते ना, असे तिने त्याला विचारले. तो पांढराफटक पडला होता. "धुणार कशानं?" तो क्षीण आवाजात म्हणाला. "तरी मला वाटलं, तुमच्यासारख्यांना सूट असेल. पण पिरोग्या फक्कड होत्या हं. दोन्ही वेळा चव लागली, जातानाही आणि येतानाही."

पलीकडे नेस्टर डोळे मिटून पडला होता. ओठ सुकलेले, सलाइन लावलेले, आणि लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी. डॉक्टर म्हणाले होते की आज आणि उद्या काय ते कळेल.

मार्लिस दारात आली. "बाई, कुठून आलं ते कळलं नाही, असं सांगून टाका ना. नाहीतरी पुष्कळदा कळतच नाही. मी कुठं बोलणार नाही."

सोपे होते. न बोलता राहिली असती तर कामाच्या नावाखाली तिला या खाटेपाशी कितीही वेळ येता आले असते. बोलली, तर ती भेटायला आलेली एक आजारी बाई ठरत होती, आणि तिच्याच नियमाने तिला बाहेर जावे लागत होते. तिचे पोट त्या सकाळीही बिघडलेलेच होते.

तिने वरिष्ठांना फोन करून सगळे सांगितले. मग ती कोट घालून बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. स्वैपाकघरातल्या माणसाची माफी मागायची राहिली म्हणून तेवढ्यासाठी तिने पुन्हा फोन केला. ते दिवस तिने घर आणि इस्पितळाबाहेरचा वाहनतळ यांत काढले. गाडीतून ती मार्लिसला फोन करी.

"पिशवीत काही आलं का?"

"थोडं."

"रंग?"

"बाई, चहासारखा. तुम्ही घरी जा."

पुढच्या दिवशी रंग फिका झाला. त्यानंतर नेस्टरने स्वतः फोन घेतला. "इथं कसली शांतता आहे म्हणून सांगू," तो म्हणाला. आवाज पार खोल गेला होता. "कुणी करकरत नाही. केव्हा येतेस?"

नियमाचे दिवस भरल्यावर ती आली. दारात मार्लिस उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती हलली नाही. "बाई, आधी हात."

व्हर्नाने बाही वर केली. मार्लिस शेजारी उभी राहून पाहत होती आणि अंगठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो राहिला." व्हर्नाने अंगठाही धुतला.

नेस्टर उशीला टेकून बसला होता. गालांची हाडे वर आली होती, पण हातात सुपाचा कप होता आणि तो अर्धा रिकामा होता. तिला पाहून त्याने आधी तिच्या हातांकडे बघितले. ते रिकामे होते.

"काही आणलं नाहीस?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला, पण जरा हिरमुसला. मग त्याने कप ठेवला आणि हात पुढे केला. व्हर्नाने तो धरला. रोग्याचा हात सोडला की लगेच परत बेसिनकडे जायचे, हे तिनेच सगळ्यांना शिकवले होते, आणि मार्लिस दारातून पाहत होती. म्हणून व्हर्नाने बराच वेळ तो हात सोडलाच नाही.