काट्यावरचा अवैध कर्सर

क्रांती चौकातल्या आमच्या ऑफिसात सकाळचा पहिला फोन आला की मी जरा तडकूनच बोलते. त्या दिवशी मात्र पलीकडची मुलगी रडत होती. गंगापूरकडच्या एका जिनिंगमध्ये ती कापसाच्या वजनकाट्यावर नव्यानंच लागली होती, आणि आमच्या सॉफ्टवेअरमधून वजनाच्या पावत्या काढायची. पडद्यावर ‘अवैध कर्सर’ अशी पाटी आली, तशी तिनं कॉम्प्युटर बंद केला, खोलीला कुलूप घातलं आणि बाहेर येऊन मला फोन लावला.

“मॅडम, म्या कायबी अवैध केलं नाय वो. निस्तं पावतीचं बटन दाबलं,” ती म्हणाली. “माझी नोकरी जाईल का?”

मला आधी हसू आलं आणि मग संताप. त्या पाटीचं मराठी आमच्या ऑफिसातल्या एका शुद्धभाषाप्रेमी गृहस्थांनी केलं होतं. अवैध वाळू, अवैध दारू हेच रोज पेपरात वाचणाऱ्या माणसानं दुसरं काय समजायचं? घरच्यांना कसंबसं राजी करून ती कामाला लागली होती, आणि आता तिच्या मागं टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते.

तिला कुलूप काढायला लावलं आणि नेमकं काय झालं ते विचारलं. सगळं रोजच्यासारखंच, म्हणाली. फक्त या टेम्पोत दोघा भावांचा कापूस एकत्र होता. तिथंच माझी ट्यूब पेटली.

कर्सर म्हणजे पोथी वाचताना ओळीवर ठेवलेलं बोट. आमच्यापैकी कुणीतरी प्रोग्राममध्ये नुकतीच प्रत्येक नोंदीनंतर सेव्ह करायची सूचना घातली होती, आणि सेव्ह झालं की ते बोट उचललं जायचं. एका टेम्पोत एकच नाव होतं तोवर कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या भावाची ओळ मागितली, तेव्हा बोटच जागेवर नव्हतं. ती सूचना मी ऑफिसात बसूनच तिच्या कॉम्प्युटरवर सगळ्या नोंदी वाचून झाल्यावर, अगदी शेवटी ठेवली. दोन्ही पावत्या निघाल्या.

पाटी बदलायला मात्र अर्धा दिवस भांडावं लागलं. गृहस्थ ‘अवैध’वरून ‘अग्राह्य’वर आले आणि तिथं अडून बसले. शेवटी मीच लिहून टाकलं: ‘चूक आमची आहे, तुमची नाही. फोन करा.’

संक्रांतीच्या सुमारास तिचा पुन्हा फोन आला. आवाज खणखणीत होता.

“मॅडम, तुमची चूक झालीय. लवकर दुरुस्त करा, माझ्या काट्यावर लई गर्दी हाय.”