बाबांचा अर्धा व्हिडिओ

कॉम्प्युटरवाल्या दोस्तांनो, आज तुमची फार आठवण आली.

मुलुंडला आईकडे गेलो होतो. बाबा गेल्यापासून ती रोज कॉम्प्युटरवर जुने फोटो बघत बसते. "अरे, फोटोंचं फोल्डर उघडलं की लगेच सगळं बंद पडतं," म्हणाली.

तासभर वाट लागली माझी. शेवटी कळलं, त्यात एक व्हिडिओ अर्धाच कॉपी झालाय. त्याचं छोटं चित्र दाखवायला गेला की फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅमच बंद पडतो.

"हा उडवला की झालं," मी म्हणालो.

आईने माउसवरचा माझा हात धरला. मग म्हणाली, "त्या दिवशी ते मोबाइलवरून हेच कॉपी करत होते. मध्येच छातीत दुखायला लागलं. घर बंद करताना मी सवयीने मेन स्विच बंद केला रे."

बाबांचा मोबाइल हॉस्पिटलच्या धावपळीत हरवला. व्हिडिओत काय होतं, कुणालाच माहीत नाही.

मी तो उडवला नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला. बाकीचे फोटो आता नीट उघडतात.

निघताना चपला घालत होतो, तर आई नेमकं ते व्हिडिओचं वेगळं फोल्डर उघडत होती. बंद पडलं. तिने पुन्हा उघडलं.

सांगा ना यार, हे कसं दुरुस्त करायचं?