उफराट्याचा पंख आणि रिम्मा येगोरोव्हनाचे हात

रिम्मा येगोरोव्हना श्चुकिनाच्या हातांचा रोज सकाळी वास घेतला जाई. तिच्या एकटीच्याच नव्हे. विमान कारखान्याच्या थर विभागातल्या प्रत्येक बाईच्या हातांचा. बायका साबणाने हात धूत, स्पिरिटच्या बोळ्याने पुसत आणि दारात उभ्या असलेल्या प्रमुख क्लावदिया मिरोनोव्हनाच्या नाकापुढे तळवे धरत. अंगठी, अत्तर, क्रीम, काहीच चालत नसे. तेलकट बोट कापडाला लागलं तर त्या जागी पुढचा थर धरत नाही, आणि वरून ते दिसतही नाही. क्लावदियाला बायका पाठीमागे 'नाक' म्हणत. तिला ते माहीत होतं.

विभागाकडे तेव्हा एकाच विमानाचं काम होतं. त्याचे पंख मागे झुकण्याऐवजी पुढे झुकलेले होते. आमच्या शहरात त्याला उफराटा म्हणत. वैमानिकाला शेपटीकडे तोंड करून बसवणार, असं बसच्या रांगेत लोक सांगत. अडचण मात्र हसण्यासारखी नव्हती. वेगात हवा असा पंख वर उचलते, उचलताना पिळते, पिळला की तो आणखी उचलला जातो, आणि शेवटी मुळापासून तुटतो. त्यावर उपाय म्हणजे राळेत भिजवलेलं काळं कार्बनचं कापड, थरावर थर, प्रत्येक थर ठरलेल्या कोनात तिरका, आणि शेवटी सगळे भट्टीत भाजून एकजीव केलेले. तसा पंख वाकला तरी पिळत नाही. हे थर बायका हाताने लावत. कामाला सुती हातमोजे असत, पण सुरकुती किंवा हवेचा फुगा शोधायला मोजा काढून उघडं बोट फिरवावं लागे. रिम्माचं बोट सर्वांत चांगलं, असं मानलं जाई.

जानेवारीच्या अखेरीस तिचा नवरा ग्लेब बसथांब्यावर उभ्या उभ्या गेला. हृदय बंद पडलं. तो धावपट्टीवर मेकॅनिक होता. रिम्मा अंत्यविधीत रडली नाही. बायकांनी ते पाहिलं, आपसात बोलून घेतलं. ती लवकरच कामावर आली. घरी मात्र नळ सोडून त्याच्यापुढे उभी राहायची आणि कशासाठी सोडला ते तिला आठवत नसे.

क्लावदियाने विचारलं, "काही दिवस हलकं काम देऊ का?"

"नको. मला पंखावरून काढू नका."

"अगं, विश्रांती म्हणून म्हणते."

"घरी काय आहे? काढू नका, एवढंच."

मार्चच्या सात तारखेला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, आराखडा विभागातला इन्नोकेन्ती ल्वोविच खोकं घेऊन आला. पुरुषांनी मिळून आणलेली भेट होती. प्रत्येकीला कॅमोमाइलच्या फुलांच्या वासाची हाताला लावायची क्रीम. विभागभर हशा पिकला.

"इन्नोकेन्ती ल्वोविच, पुढच्या वर्षी टकल्या संचालकांना कंगवा द्या हं!"

"का? काय चुकलं?" तो गोंधळला.

"काही नाही हो. तुमचं मन मोठं आहे, नाक तेवढं लहान पडलं."

"घरी न्या गं," क्लावदिया म्हणाली. "नवऱ्याच्या टाचांना चोळा." मग तिची नजर रिम्माकडे गेली आणि तिने खोकं बंद केलं.

ग्लेबचा चाळिसावा दिवस, मृताच्या आठवणीच्या जेवणाचा, रविवारी आला. ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी, झाल्या, मध घातलेला गव्हाचा भात झाला, त्याच्या नावाचा वोडकाचा पेला पावाचा तुकडा ठेवून टेबलावर मांडला. गावाहून नणंद तास्या आली होती. पाहुणे गेल्यावर तिने रिम्माचे हात पाहिले. स्पिरिटने ते भेगाळले होते.

"हात आहेत की खवणी? आण इकडे."

कपाटावर पडलेली क्रीम तिने भरपूर चोळली आणि वर लोकरीचे हातमोजे चढवले. रिम्माने चढवू दिले. त्या दिवसांत कोणी काही केलं तर ती करू देत असे.

सकाळी तिने हात धुतले, पुसले आणि दारात पुढे केले. क्लावदियाला सर्दी झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जा, जा आत," ती रुमालातून म्हणाली.

डाव्या पंखाचा वरचा पत्रा, म्हणजे थरांचं वरचं आवरण, त्या दिवशी पुरा व्हायचा होता. रिम्माने थरामागून थर लावले आणि प्रत्येकावरून बोट फिरवलं. दुपारी चहाला बसल्यावर पावाचा तुकडा तोंडाशी नेला तेव्हा कॅमोमाइलचा वास आला. भेगांत बसलेली क्रीम कामाच्या उबेने बाहेर आली होती.

ती उठून क्लावदियाकडे गेली.

"क्लावदिया मिरोनोव्हना, हाताला क्रीम आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या. काल नणंदेनं लावली."

क्लावदियाने तिचे हात ओढून नाकाशी धरले. "मला काही येत नाही."

"तुम्हाला सर्दी आहे."

"हळू बोल!" तिने दाराकडे पाहिलं. "पुसले होतेस ना? मग झालं. भट्टीतून निघाल्यावर ठोकून बघतातच. पोकळ वाजलं तर पुढचं पुढे."

"पोकळ वाजणार नाही. चिकटल्यासारखं वाजेल."

"आणि टाकून दिलं तर? कापड संपलंय, नवं कधी येईल देव जाणे. तुला पंखावरून काढतील, तेही कायमचं. तूच म्हणाली होतीस ना, काढू नका म्हणून?"

"म्हणाले होते."

"मग?"

रिम्मा परत जागेवर गेली आणि तिने उरलेला थर लावला. तो तिने मोजे घालून लावला. त्याने आता काही फरक पडणार नव्हता.

संध्याकाळी पत्रा भट्टीकडे न्यायला गाडी आली. इन्नोकेन्ती कोन तपासून समाधानाने मान हलवत होता. रिम्माने कापड कापायची सुरी उचलली आणि वरच्या थरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

"अहो, काय केलंत हे! वेड लागलंय का तुम्हाला?"

"बाद आहे तो. माझ्या हाताला क्रीम होती."

"कसली क्रीम?"

"तुम्ही दिलेली."

इन्नोकेन्तीने हातातला कोनमापक खाली ठेवला.

"सकाळी वास मी घेतला होता," क्लावदिया मागून म्हणाली. "मला आला नाही. हेही सांगा वर."

क्लावदियाला वरून समज दिली गेली. रिम्माला दुसऱ्या दिवशी शिलाई विभागात पाठवलं. तिथे उभ्या विमानांसाठी ताडपत्रीच्या खोळी शिवत. तिच्या डब्यातला चमचा जुन्या विभागात राहिला, तो आणायलाही ती गेली नाही. नवं कापड यायला शरद ऋतू उजाडला. डावा पत्रा दुसऱ्या बायकांनी लावला.

काही वर्षांनी उफराटा उडाला तेव्हा शिलाईच्या बायका अंगणात धावल्या. रिम्माने हातातली शिवण पुरी केली. ती बाहेर आली तेव्हा आभाळात फक्त आवाज होता. क्लावदिया कुंपणाशी उभी होती, टोपी मागे सरकलेली.

"पंख जागेवर आहेत गं, दोन्ही."

"बरं झालं."

"धावत आली असतीस तर दिसला असता."

"शिवण सुटली असती," रिम्मा म्हणाली.

पुढे त्या विमानाचे पैसे आटले. उफराटा मैदानाच्या कडेला उभा राहिला. दर हिवाळ्यात त्याची खोळ फाटते आणि दर वसंतात नवी शिवावी लागते. दर वेळी माप नव्याने घ्यायचं, हा विभागाचा नियम आहे. रिम्मा फीत घेऊन जाते, जुन्या खोळीवरूनच मुळापासून टोकापर्यंत मोजते. यंदा पहाऱ्यावरचा माणूस म्हणाला, "काकू, डाव्या बाजूची दोरी सोडून देऊ का? पंख बघा तरी एकदा."

"नको," ती फीत गुंडाळत म्हणाली. "माप मिळालं."