कूलरमधला श्वास

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. मांजर आडवं गेलं तर त्याला माझ्यापेक्षा जास्त घाई असेल, असं म्हणून त्यालाच वाट देणारी मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच हसू येतंय... म्हणजे निम्मं.

आम्ही नागपूरला, मानेवाड्याच्या बाजूला राहतो. मी, आमचे हे आणि मुलगी मृणाल. ती घरूनच गेमसाठी आवाज तयार करते. या मे महिन्यात तिला पहिलं मोठं काम मिळालं — परदेशी गेमच्या नव्या भागाचा ट्रेलर. डोंगराखाली झोपलेलं एक जनावर आणि त्याचा श्वास, बस्स. पण पाठवलेला प्रत्येक श्वास परत यायचा. "जिवंत वाटत नाही." शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे अन् मृणाल पुण्याला, नोकरीवर. मला ती इथंच हवी होती. म्हणून मिक्सर, कुकर, शिवणमशीन, सगळं मी तिच्यापुढे वाजवून दाखवलं. यांचं घोरणंसुद्धा रेकॉर्ड झालं.

"बाबा, यात भीती नाही, नुसतं जेवण आहे," ती म्हणाली. हे दोन दिवस रुसून होते.

बुधवारी दुपारी लाईट गेली. मृणालने मागच्या खोलीत कूलरचं बटण दाबून ठेवलं, जाळीसमोर रेकॉर्डर सुरू केला आणि दार लावून हॉलमध्ये येऊन आडवी झाली. लाईट आली की कूलर आपोआप चालेल, हा हिशेब. संध्याकाळी हेडफोन लावून ऐकताना ओरडलीच, "आई! कूलर एक नंबर निघाला!"

मीही ऐकलं. आत ओढलेला लांब श्वास, घशात पाणी असल्यासारखी घरघर, मग सावकाश बाहेर... तिने तुकडा पाठवला. लगेच उत्तर — हाच हवा, पण अजून लांब.

सकाळी पुन्हा बटण दाबलं. लाईट होती, कूलर ढिम्म.

"कसा चालंल?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "मोटर अन् पंप काल सकाळीच दुरुस्तीले देऊन आलो."

"मग दुपारी वाजला कसा?" मृणालने विचारलं.

"काहून मजाक करून राहिली वं? नुसता डबा हाय तो."

कूलर खिडकीला बाहेरून लावलेला, म्हणून बाल्कनीत जाऊन पाहिलं. खरंच नुसता पत्र्याचा डबा. वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठक्क.

"वारा असेल," मृणाल म्हणाली आणि लांब तुकडा काढायला तिने रेकॉर्डिंग पुढे लावलं, या वेळी स्पीकरवर. श्वास... श्वास... मग दाराची कडी वाजली आणि माझाच आवाज आला, "काय उकाडा हाय बाई!" वाळलेले कपडे ठेवायला मी आत गेले होते, आठवलं.

कडी वाजताच श्वास थांबला होता. संपला नव्हता — थांबला होता. पलंगाखाली लपलेलं पोर रोखून धरतं ना, तसा. माझ्या बांगड्या, कपाटाचं दार, चपला, सगळं ऐकू येत होतं. मी बाहेर पडले, कडी लागली... आणि तो सुटला.

यांनी उठून स्पीकर बंद केला. "पाठवू नको वं ते."

"उद्या शुक्रवार आहे, बाबा."

माझा आवाज काढून तिने पाठवलं. गेमवाल्यांना ते थांबणंच सगळ्यात आवडलं. ट्रेलरमध्ये जनावर श्वास रोखतं आणि डोळे उघडतं. भाचरांनी कौतुकाने मला चारचारदा दाखवलं; मी चारही वेळा चहा टाकायला उठले.

माझा भाऊ म्हणतो मशीनचा दोष, हे म्हणतात वारा. कडी ऐकून थांबणारा वारा मी तरी पाहिला नाही. मृणालला आता भरपूर काम आहे. रोज त्याच खोलीत दार लावून बसते. अन् मीच दर आठवड्याला दाराबाहेरून विचारते, "पुण्याची ती नोकरी अजून आहे का गं?"

"काहून? तुलेच तर मी इथं पाहिजे होती," ती आतून हसते. "अन् आई, येताना आधी दार वाजवत जा ना. तू आली की सगळं थांबतं."

काय थांबतं, हे मी अजून विचारलेलं नाही.