शिळं पेट्रोल

काका ज्याला त्याला गाढव म्हणायचे. मुलाला, सुनेला, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये त्यांच्या मुलाचं घर आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे मलाही सुटका नव्हती. "अगं गाढवे, सायकलमध्ये हवा कोण भरणार?" आणि पंप घेऊन स्वतःच बाहेर यायचे.

पुण्याच्या कारखान्यात जनरेटर सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. इथे ते काकूंना घेऊन आले. काकूंची फुप्फुसं थकलेली, ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र विजेवर चालायचं. काकांनी आल्या आल्या मागच्या शेडमध्ये गॅस सिलिंडरवर चालणारा जनरेटर बसवला आणि दर शनिवारी अकरा वाजता दहा मिनिटं चालवून बघायला लागले. मुलगा म्हणाला, बाबा, इथे लाइट जात नाही. "गाढवा, जिथे जात नाही तिथेच माणूस बेसावध असतो!"

गॅसच का, असं एकदा विचारून मी तासभर अडकले. डिझेल थंडीत घट्ट होतं, पडून राहिलं तर पाणी धरतं. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होऊन आत चिकटून बसतं. "गॅस शिळा होत नाही. क्वचित लागणाऱ्या मशीनला तोच."

हे सगळं मला पाठ होतं. तरी पलीकडच्या डच आजींनी कॉफीला बोलावून, अगदी गोड शब्दांत, कुंपणाजवळच्या सिलिंडरची भीती वाटते म्हणून सांगितलं आणि मी शरमेनं अर्धी झाले. कसली डोंबलाची शरम! गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, एक फोन करून नियम विचारायचा, तेवढंही सुचलं नाही. आपल्या लोकांचं नाव खराब होईल, एवढंच डोक्यात. मुलाला सामील करून मी काकांच्या मागे लागले. पेट्रोलचा छोटा जनरेटर घ्या आणि शनिवारचा तो आवाजही बंद करा. जन्मात कुणाचं न ऐकलेल्या माणसानं माझं ऐकलं.

पुढच्या वर्षी रस्ता खणणाऱ्यांनी भरदुपारी केबल तोडली. काका जनरेटरची दोरी ओढत राहिले, तो ढिम्म. मी काकूंचा हात धरून बसले होते. त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. जादा ठेवलेली ऑक्सिजनची बाटली संपता संपता अ‍ॅम्ब्युलन्स आली. काकू वाचल्या, पण त्या घरात त्यांना झोप लागेना. पुण्याला चला म्हणाल्या, तिथे लाइट जाते, म्हणून लोक तयारीत तरी असतात.

मला अजून संताप येतो. आजींचा नाही, त्या बिचाऱ्या घाबरल्या होत्या. माझा येतो. आणि काकांचा येतो. निघायच्या दिवशी मी दारात उभी राहिले, म्हटलं, आता काय बोलायचंय ते बोला, मी ऐकून घेईन. काकांनी हात जोडले.

"येतो, मेघनाताई. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत."

अहो काका, जाताना एकदा गाढव तरी म्हणायचं होतंत.