नवऱ्यांच्या नावावरचा आजार

व्हॉट्सॲपवर आलेल्या मृत्यूच्या बातमीवर खात्री झाल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा माझा जुना नियम आहे. आमच्या कळंबमध्ये हयात माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. म्हणूनच ‘विश्वंभरराव मेडिकलवाले गेले’ हा संदेश आला तेव्हा मी प्रथम पाठवणाऱ्याला ‘आधार काय?’ असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता, गावातली कोणतीही बातमी खरी की खोटी हे ज्यांना विचारायचो त्यांनाच फोन लावला. म्हणजे विश्वंभररावांनाच. फोन त्यांची सून शीतल हिने उचलला. “अण्णा...” अशी मला तिने नुसती हाक मारली. दिवाणी न्यायालयात अधीक्षक म्हणून हयात घालवलेल्या मला साक्ष म्हणून तेवढे पुरेसे होते.

आमची ओळख मैत्रीतून झाली नाही, संशयातून झाली. माझी थोरली बहीण प्रयागअक्का शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्याकडेच राहते. तिला अतिक्रियाशील मूत्राशयाचा विकार आहे. वेग आला की थांबवता येत नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण त्या अर्थाने तिचे सगळे जगणे दारापासून मोरीपर्यंतच्या अंतरात आणून ठेवले होते. एसटीत बसणे बंद झाले, लग्नकार्ये बंद झाली, सोनारीच्या भैरवनाथाला वर्षातून एकदा जाणारी ही बाई “देवाला कळतं सगळं” म्हणून घरूनच हात जोडू लागली. डॉक्टरांनी रोज घ्यायची गोळी दिली आणि तिचा गुण आला. परंतु ती गोळी गावात मिळे, न मिळे. मिळाली की अक्का मंदिरापर्यंत जायची, संपली की पुन्हा मोरीजवळच्या खोलीत.

एके दिवशी विश्वंभररावांनी मला “माल न्हाय” म्हणून सांगितले आणि माझ्यादेखत एका खेड्यातल्या बाईला तीच गोळी कागदात बांधून दिली. मी तिथल्या तिथे त्यांना साठेबाज म्हटले. ते शांतपणे म्हणाले, “ती परंड्याकडनं आलीय अण्णा, दोन गाड्या बदलून. अक्कांकडं सोमवारपर्यंतच्या गोळ्या हायत, मला ठावं हाय. सोमवारच्या आत कुठूनबी आणून देतो.”

“मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करणार आहे.”

“करा की. फक्त माझं आडनाव नीट लिवा, मागं एकानं केली हुती, त्यात चुकलं हुतं.”

सोमवारच्या आत त्यांनी गोळ्या आणल्या. बार्शीच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून, स्वतः मोटारसायकलवर जाऊन. मी तक्रार पाठवली नाही, पण मसुदा ठेवला. संशय घेणे हा माझा दोष आहे असे मी मानत नाही. चाळीस शपथपत्रे वाचली की त्यांतले एक खरे निघते, अशा जागी मी नोकरी केली आहे.

पुढे आम्ही दोघे मिळून संशय घेऊ लागलो. म्हणजे मी घ्यायचो आणि ते ऐकून घ्यायचे. सोलापूरचा वितरक म्हणे की वरूनच माल येत नाही. कंपनीला मी लिहिले, तर विलक्षण तत्परतेने उत्तर आले की पुरवठा सुरळीत आहे. इतक्या लवकर येणाऱ्या उत्तरात काहीतरी दडवलेले असते, हा माझा अनुभव. मी दोन्ही उत्तरे एकमेकांना जोडून दोघांनाही पाठवली आणि विचारले की आपणांपैकी खोटे कोण बोलत आहे. तेव्हा वितरकाने कळवले की कळंबमध्ये या औषधाला नियमित रुग्णच नाहीत; दुकानांकडून मागवलेल्या बिलांत जी थोडी विक्री दिसते ती निरनिराळ्या पुरुषांच्या नावे, तुटक तुटक झालेली आहे. हे वाचून मी विश्वंभररावांकडे पाहिले. त्यांनी नजर चुकवली. आयुष्यात प्रथमच हा माणूस काही लपवतो आहे, असे मला दिसले.

त्याचा उलगडा विमा कंपनीने केला. अक्काच्या निवृत्त शिक्षकांच्या गटविम्यात बाहेरून घेतलेल्या औषधांची भरपाई बसते. मी कलम वाचूनच दावा केला होता; बिलांवरचे माझे नाव औषध नेणाऱ्याचे म्हणून असेल, असे धरून चाललो होतो. तो फेटाळला गेला. कारण असे, की चिठ्ठी प्रयागबाईंच्या नावाची आणि सर्व बिले एका पुरुषाच्या नावाची. तो पुरुष मी होतो. त्या पत्रानुसार मूत्राशयाचा रोगी मी होतो आणि बहिणीच्या विम्यावर स्वतःचे औषध लाटू पाहत होतो!

मी पत्र घेऊन तडक दुकानात गेलो. “तुम्ही मला रोगी केलंत?”

“अक्कांनीच सांगितलं, नाव अण्णाचं टाका म्हणून. बायामाणसं स्वतःच्या नावानं हे औषध घेत न्हाईत, अण्णा. घरात कुणी बिल वाचलं तर? निम्म्या गावातल्या नवऱ्यांना म्या हा आजार लावलाय. तक्रार घेऊन आलेले तुमी पैले. बाकीच्यांना पत्ताच न्हाय.”

मला हसू आले नाही, आता येते. त्या वेळी डोके भणभणले होते. विम्याचा एक दलाल सुचवून गेला होता की बिले अक्काच्या नावाने नव्याने फाडून घ्या, सगळेच घेतात. मी तसे म्हणणार नव्हतोच, पण विश्वंभरराव काय करतात ते पाहण्यासाठी दलालाचे म्हणणे त्यांच्या कानावर घातले. ते म्हणाले, “फाडलेलं बिल फाडलेलं. पण झालं कसं, ते लिहून देतो.” आणि त्यांनी दिले. रुग्णाच्या सांगण्यावरून बिलावर दुसऱ्याचे नाव टाकले, हे स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी. परवानाधारक दुकानदाराने असे लिहून देणे म्हणजे काय, हे मला कळत होते आणि त्यांनाही. महिन्याभरात औषध प्रशासनाकडून दुकानाची तपासणी झाली, खुलासा मागवणारी नोटीस आली. ते निवेदन विमा कंपनीकडून तिकडे कुणी पोचवले, हे मी आजही विचारतो आहे.

नोटिशीची गोष्ट मी घरी बोललो नव्हतो. अक्काला ती शेजारणीकडून कळली. तेव्हा तिच्या गोळ्या संपलेल्या होत्या. तरी ती रिक्षा बोलावून, मला न विचारता, बाजाराच्या दिवशी भर गर्दीत मेडिकलसमोर उतरली. मी तिथेच होतो. वर्गात हजेरी घेताना लावायची तोच आवाज तिने लावला, “विश्वंभर, माझं नाव लिही. प्रयागबाई. गोळी लघवीची आहे, ती मी घेते. ह्या अण्णाला काही झालेलं नाही.”

बाकावरचे पुरुष एकाएकी चपला न्याहाळू लागले. अक्काच्या कपाळावर घाम होता. किती वेळ उभे राहता येईल हे तिचे तिलाच माहीत. एवढ्यात मागून एक बाई म्हणाली, “माझंबी लिवा भाऊ. आमच्या मालकाचं खोडा. त्येला काय बी झालं न्हाय, नुस्ता आळस हाय.” सगळे दुकान हसले आणि अक्का शीतलबरोबर घाईने आत गेली, दुकानामागच्या त्यांच्या घरात.

त्यानंतर नावे येऊ लागली. सगळ्यांची नाही, पण इतकी, की वितरकाला रुग्ण नाहीत असे लिहिता येईना. विश्वंभररावांनी गावातल्या इतर दुकानदारांना, ज्यांच्याशी त्यांची स्पर्धा होती त्यांनाही, गाठून मागणी एकत्र पाठवायला लावली. माल येऊ लागला. नोटीस ताकीद देऊन मिटली. विमा कंपनी अक्काचे नवे दावे मंजूर करते. जुन्यांवर मात्र ‘विचार चालू’ होता. विश्वंभरराव गेले त्यानंतर आठवड्याने पत्र आले : निवेदन देणाऱ्या औषधविक्रेत्याने समक्ष उपस्थित राहून सहीची ओळख पटवावी. इतके दिवस न सुचलेली ही अट नेमकी आता कशी सुचली? मी योगायोग मानत नाही. मृत्यूचा दाखला जोडून मी उत्तर दिले आहे, आणि विमा लोकपालांकडेही प्रत दिली आहे.

त्यांचे तेरावे त्यांच्या मूळ गावी, नळदुर्गजवळ झाले. कळंबहून तिथपर्यंत अक्का एसटीने आली. खिडकीशी बसली, वाटेत एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि पंगत उठेपर्यंत शीतलशेजारून हलली नाही.

दुकान आता शीतल चालवते. विश्वंभररावांची एक सवय मला ते असताना कधी नीट उमगली नव्हती. मध्येच ते काउंटर सुनेवर सोपवून सगळ्या पुरुष गिऱ्हाइकांना “चला, चहा घेऊ” म्हणत समोरच्या टपरीवर न्यायचे. धंद्याच्या भर वेळी हा माणूस दुकान का रिकामे करतो, याचा मला नेहमी संशय यायचा... परवा मी औषधांना गेलो असताना खांबाआड एक तरुण बाई पदराच्या गाठीतली चिठ्ठी चाचपत उभी होती. बराच वेळ. बाकावर आम्ही पाचसहा पुरुष. सगळ्याच काही प्रयाग नसतात. मी उठलो आणि म्हणालो, “चला, चहा घेऊ.” कुणीही कारण विचारले नाही. एरवी कारण न विचारणारी माणसे मला संशयास्पद वाटतात. आम्ही रस्ता ओलांडला, आणि चहा येईपर्यंत मी दुकानाकडे पाठ करून उभा राहिलो.